जंगलाला युरिया कोण घालतो?



आपल्या कार्यक्षेत्राच्या पश्चिम अंगाला, घाटमाथ्याला लागून असलेल्या गावांतून गेल्या काही हंगामांत नव्याने फोडलेल्या जमिनीवरच्या लागणीच्या नोंदी वाढू लागल्या आहेत. उपसा सिंचनाचे पाणी वर चढले, पाठोपाठ जेसीबी आला, आणि काल-परवापर्यंत ज्या उतारावर जांभूळ, हिरडा, ऐन आणि करवंदीच्या जाळ्या होत्या तिथे सऱ्या पडल्या. पहिली लागण पाहून डोळे निवतात हे खरे. फुटवा भरपूर, पान काळेभोर. सभासद अभिमानाने सांगतात, "साहेब, युरियाचं एकच पोतं टाकलंय, बाकीची घरात तशीच आहेत." आणि मग गटसभेत हमखास प्रश्न येतो, "जंगलाला कोण युरिया घालतो? तरी ते वर्षानुवर्षं हिरवंगार. मग जंगलाच्या जमिनीला आम्ही तरी का घालावा?"

प्रश्न रास्त आहे. त्याला "शिफारस आहे म्हणून घाला" एवढेच उत्तर देऊन भागायचे नाही. ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळांचे पाइपलाइनचे कर्ज अवलंबून आहे. पहिल्या लागणीचा उतारा पाहून कर्ज काढले जाते आणि ते फेडायची वेळ येते ती दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याच्या पैशांतून. म्हणून आज जंगलाच्या नत्राचा जमाखर्च आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

आधी जमेची बाजू. आपल्या डोक्यावरच्या हवेत पाचांतले जवळजवळ चार भाग नत्र आहे. एका एकरावरच्या हवेत साधारण तीस हजार टन नत्र भरते. पण झाडाला ते घेता येत नाही. भरल्या विहिरीकाठी दोर नसलेल्या माणसासारखी त्याची गत असते. हा दोर असतो जिवाणूंकडे. शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतले नत्र धरतात, हे जर्मनीतील हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ ते १८८८ च्या सुमारास सिद्ध केले. रानातले खैर, शिरीष, पांगारा, करंज ही मंडळी ह्या कामातली. (शेंग आली म्हणजे मुळावर गाठी आल्याच असे मात्र समजू नये. चिंच आणि बहावा शेंगांचे धनी खरे, पण त्यांच्या मुळांवर गाठी नसतात.) काही जिवाणू मातीत मोकळे राहूनही थोडेफार नत्र धरतात. विजेने आणि पावसाने थोडे खाली येते. एवढीच जंगलाची मिळकत. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. किती, ते पुढे आकड्यानिशी येईलच.

मग जंगल हिरवे कशावर राहते? ते राहते खर्च न करण्यावर. पान पिकून गळण्याआधी झाड त्यातले निम्म्याच्या आसपास नत्र परत फांदीत ओढून घेते. हिरवे पान आणि गळलेले पान ह्यांच्या रंगातला फरक तो हाच. उरलेले नत्र पानाबरोबर खाली पडते. तिथे वाळवी, गांडुळे, बुरशी आणि जिवाणू ते पान कुजवतात, आणि वरच्या चार-सहा बोटांच्या थरात पसरलेली बारीक मुळे सुटलेले नत्र लगेच उचलतात. जे वर गेले ते खाली आले, खाली आले ते पुन्हा वर. ह्या व्यवहारात बाहेर जाते फार थोडे. आमच्या भाषेत सांगायचे तर जंगल म्हणजे असा सभासद, ज्याचा ऊस कधी काट्यावर येतच नाही! आपल्या शेतातून मात्र दर हंगामाला ट्रकच्या ट्रक भरून माल बाहेर जातो. हेक्टरी शंभर टनांचे पीक उभे करायला उसाला सुमारे २०० किलो नत्र उचलावे लागते. त्यातले गाळपाला किती गेले, वाढ्यांतून जनावरांच्या पोटात किती गेले आणि पाचटाबरोबर किती जळले, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर जवळच्या एखाद्या देवराईत जावे. सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्यांनी १९७० च्या दशकात केला, त्यामुळे ह्या जुन्या राखीव रानांकडे जाणकारांचे लक्ष गेले. देवाच्या धाकाने तिथली काडीही कोणी उचलत नाही. पायाखालचा पालापाचोळा बाजूला सारून माती मुठीत घ्यावी. भुसभुशीत, ओलसर, काळपट, आणि पहिल्या पावसासारखा वास. मग तिथून शंभर पावलांवर, त्याच उतारावर, दहा वर्षे नांगरलेल्या रानातली माती दुसऱ्या मुठीत घ्यावी. दगड एकच, पाऊस एकच. फरक पडला तो वापराने.

पण सगळा फरक वापराचाच आहे असेही नाही. माती कोणत्या जातीची ह्यालाही तितकेच महत्त्व आहे, आणि आपल्या कार्यक्षेत्रात दोन टोकांच्या माती असल्याने आपल्याला हे समजणे सोपे जावे. दोन्ही एकाच काळ्या पाषाणापासून झालेल्या. पश्चिमेकडे शतकानुशतकांच्या धुवाधार पावसाने ह्या दगडातला चुना, पोटॅश, मॅग्नेशियम धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले. तोच जांभा आणि त्याची तांबडी माती. ती आंबट असते. सामू साडेपाच-सहाच्या घरात. पूर्वेकडे पाऊस कमी, त्यामुळे चुना जागेवरच राहिला आणि चिकणमाती जमली. ती आपली नदीकाठची भारी काळी. तिचा सामू आठ किंवा थोडा वरच. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी.

ह्या दोन मातींवर रानही वेगवेगळे येते. तांबड्या मातीवर, जिथे थर खोल आहे आणि ओल टिकते, तिथे जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा असे सदाहरित रान असते. महाबळेश्वरच्या बाजूला गेलेल्यांनी ते पाहिले असेल. साग मात्र जांभ्यावर नीट वाढत नाही. त्याला चुना हवा आणि पाण्याचा निचराही हवा. भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा कोवळ्या झाडांची मुळे तोडतात आणि पावसाळ्यात पाणी तुंबून मुळांचा श्वास कोंडतो. त्यामुळे तिथे रान असलेच तर बाभूळ, हिवर, बोर, पळस अशा सोशिक जातींचे. बाभूळ आणि हिवर हे नत्र धरणारे. जुन्या लोकांनी बांधावर बाभूळ राखली ती नुसत्या औतांच्या लाकडासाठी नव्हे. बाभळीखाली ज्वारीचा रंग वेगळा दिसतो हे आपल्या वाडवडिलांनी केव्हाच हेरले होते.

जांभ्याच्या सड्यावर तर मजाच आहे. सातारच्या कास पठाराची फुले पाहायला आता बाहेरगावाहून गाड्या येतात. (२०१२ साली पश्चिम घाटातील स्थळांबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेले.) तिथे कातळावर मातीचा पातळ पापुद्रा. झाड उभे राहायचे नाही, मोठे गवतही नाही. पावसाळ्यात पाणी वाहते आणि नत्र काही ठरत नाही. अशा जागी सीतेची आसवे, दवबिंदू असल्या इवल्याशा वनस्पती किडे धरून खातात! निळ्याजांभळ्या फुलांचे कौतुक सगळेच करतात, पण ही झाडे शिकारीला निघाली ती नत्राच्या टंचाईने, हे थोड्यांच्याच ध्यानात येते. ज्या मातीवरच्या वनस्पतीला किड्यांच्या अंगातून नत्र काढावे लागते, त्या मातीच्या शेजारच्याच उतारावर आपण उसाची लागण करायला निघालो आहोत.

दोन्ही मातींत नत्र साठवायची जागाही वेगळी असते, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. काळ्या मातीतली चिकणमाती स्वतःच तिजोरी आहे. अमोनियाच्या रूपातले नत्र, चुना, पोटॅश ती धरून ठेवते आणि कुजलेला सेंद्रिय अंशही आपल्या कणांत लपवून ठेवते. तांबड्या मातीतल्या चिकणमातीला ही धारणशक्ती फार कमी. तिथली तिजोरी म्हणजे ह्यूमस, पालापाचोळा कुजून झालेला काळपट भाग. काळ्या जमिनीत सेंद्रिय अंश कमी झाला तर ठेव कमी होते, तिजोरी शाबूत राहते. तांबड्या जमिनीत ह्यूमस संपला की ठेवही गेली आणि तिजोरीही गेली. मग वर कितीही युरिया टाका, एका मोठ्या पावसात तो ओढ्याला लागतो.

झाडे तोडल्यावर नत्र ओढ्याला लागते ही नुसती समजूत नाही, मोजलेली गोष्ट आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रुक नावाचे प्रायोगिक जंगल आहे. तिथे १९६५ च्या अखेरीस एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडे तोडली. लाकूड जागेवरच पडू दिले, जमीन नांगरली नाही, फक्त तणनाशक मारून नवी उगवण होऊ दिली नाही. म्हणजे मातीला हातही लावला नाही, केवळ नत्र उचलणारी मुळे काढून घेतली. तर ओढ्याच्या पाण्यातले नायट्रेट चाळीस पटींहून अधिक वाढले. आपल्याकडचा पाऊस तिथल्यापेक्षा जोरदार, उतार उभे, आणि वर आपण जेसीबीने मातीची उलथापालथ करतो. काय होत असेल ते सांगायला नको.

आता नव्या जमिनीची पहिली लागण एवढी का फोफावते ते पाहू. नांगरट झाली की मातीत हवा शिरते, ऊन लागते आणि जिवाणू साठलेल्या ह्यूमसवर तुटून पडतात. कित्येक वर्षांचे साठलेले नत्र दोन-चार हंगामांत मोकळे होते. समजा, रानाच्या वरच्या वीतभर थरात सेंद्रिय कर्ब २ टक्के आहे. एकराच्या ह्या थराचे वजन साधारण ९ लाख किलो धरले जाते. म्हणजे कर्ब झाला १८ हजार किलो, आणि त्याच्या बाराव्या हिश्श्याने नत्र झाले दीड हजार किलो. त्यातले पहिल्या वर्षी ५ टक्के जरी सुटले तरी ७५ किलो, म्हणजे युरियाची साडेतीन पोती कोणी फुकट आणून टाकल्यासारखे. (पोते आता ४५ किलोचे आहे, त्यात नत्र सुमारे २०.७ किलो, जुन्या ५० किलोच्या पोत्याचा हिशेब अजूनही कित्येकांच्या तोंडी आहे, तो सोडावा.) घरात राहिलेल्या त्या पोत्यांचे रहस्य हे आहे. जमीन "कसदार निघाली" असे नव्हे. मोडायला सुरुवात झालेल्या ठेवीचे ते पैसे आहेत.

हाच हिशेब पुढे न्या. नांगरट, उतारावरची धूप, पाचट जाळणे, शेणखत नाही, असे करत समजा काही वर्षांनी तोच कर्ब ०.६ टक्क्यावर आला. माती परीक्षणात ०.५ टक्क्याच्या खाली "कमी" धरतात, तेव्हा हे काही अगदी वाईट उदाहरण घेतलेले नाही. गेलेला १.४ टक्का म्हणजे १२,६०० किलो कर्ब, आणि त्याबरोबर गेलेले हजार-पन्नास किलो नत्र. एकरी पन्नास पोती युरिया! त्यातली उसाने काही वापरली. उरलेली ओढ्यात गेली, हवेत गेली. एकदम गेली असती तर आपण फिर्याद दिली असती. हळूहळू गेली म्हणून कळले नाही इतकेच.

आपल्या जुन्या डोंगरकरी लोकांना हे पुस्तक न वाचता ठाऊक होते. कुमरी करणारा उतारावरचे रान तोडून जाळायचा, दोन-तीन वर्षे नाचणी-वरी घ्यायचा, आणि पीक मंदावताच ती जागा सोडून पुढे जायचा. सोडलेल्या जागी रान पुन्हा येईतो तो परत फिरकत नसे. इंग्रजी अमदानीत कुमरीवर बंदी आणताना तिला उधळी शेती ठरवले गेले. जाळण्यात नत्र धुराबरोबर जायचे हे खरेच. पण जमिनीला विश्रांती द्यायची अक्कल त्या पद्धतीत होती. आपण रान तोडायची रीत तेवढी उचलली आणि सोडायची रीत विसरलो. शिवाय एकाच जागी वर्षानुवर्षे वणवा आणि चराई चालू राहिली की पुढे रान येतच नाही. कुसळी गवत, घाणेरी, रानमोडी एवढेच येते. तेही त्या मातीच्या नत्राचे प्रगतिपुस्तकच समजावे.

जमीन सोडली तर साठा पुन्हा भरायला किती वर्षे लागतात? ह्याचे मोजून ठेवलेले एक उदाहरण आहे, तेही शंभराहून अधिक वर्षांचे. लंडनच्या उत्तरेला रोदॅमस्टेड हे १८४३ पासून चालू असलेले शेती संशोधन केंद्र आहे. ते सुरू करणारे जॉन लॉज स्वतः सुपर फॉस्फेटचे कारखानदार. त्यांनी १८८२ साली ब्रॉडबाल्क नावाच्या शेतातला गव्हाचा अर्ध्या एकराचा तुकडा कापलाच नाही, कुंपण घालून सोडून दिला. गहू माणसावाचून जगतो का ते पाहायचे होते. चार-पाच वर्षांत गव्हाची काही खुरटी रोपे उरली, मग तीही गेली. तण आले, झुडपे आली, आणि पुढे उभे जंगल झाले. जवळच्याच गीस्क्रॉफ्ट नावाच्या दुसऱ्या शेताचा एक भागही १८८० च्या दशकातच असाच सोडला गेला.

दोन्ही शेते एकाच गावची, पाऊस तोच, सोडल्याचा काळ तोच. फरक एकच. ब्रॉडबाल्कच्या जमिनीत पूर्वीच्या शेतकऱ्यांनी चुनखडी भरपूर मिसळून ठेवली होती, गीस्क्रॉफ्टमध्ये ती फारशी नव्हती. ब्रॉडबाल्कचा सामू टिकून राहिला. गीस्क्रॉफ्टच्या वरच्या थराचा सामू सातावरून साडेचारच्याही खाली आला. एकीकडे वेगळी झाडे, दुसरीकडे ओकचे रान आणि खाली विरळ उगवण. साधारण ११५ वर्षांनी नत्राचा ताळेबंद काढला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. ब्रॉडबाल्कच्या रानाने वर्षाला हेक्टरी सुमारे ५० किलो नत्र जमवले, गीस्क्रॉफ्टने २२ किलो. आपल्या मापात सांगायचे तर पहिल्याने एकरी २० किलो, म्हणजे युरियाचे जेमतेम एक पोते. दुसऱ्याने अर्ध्या पोत्याहूनही कमी. तिकडे मोटारी-कारखान्यांच्या धुरातून जे नत्र पावसाबरोबर खाली येते, तेही ह्यातच धरलेले आहे.

जंगलाची वर्षाची मिळकत एवढी. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १६० किलो, पावणेआठ पोती. जंगलाला युरिया कोण घालतो, ह्याचे उत्तर झाले ते हे: कोणी घालत नाही, आणि त्याला एका पोत्यापेक्षा जास्त लागतही नाही, कारण ते काही बाहेर जाऊ देत नाही.

आणखी एक हिशेब. ब्रॉडबाल्कच्या त्या २० किलोंपैकी मातीत साठले १५, बाकीचे झाडांत. आपण वर घालवलेले १,०५० किलो ह्या वेगाने मातीत परत यायला सत्तर वर्षे. गीस्क्रॉफ्टच्या वेगाने, जिथे मातीच्या वाट्याला ६ किलो आले, पावणेदोनशे वर्षे. आपली हवा उष्ण, इथे झाडही लवकर वाढते आणि कुजणेही लवकर होते, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण आंबट, चुना नसलेल्या मातीत साठा निम्म्याहून कमी वेगाने भरला, हे आपल्या तांबड्या उतारांच्या धन्यांनी लक्षात ठेवावे. त्याच ब्रॉडबाल्कच्या तुकड्यात काही भागातली झुडपे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दरवर्षी खणून काढतात, आणि १९५७ नंतर काही भाग गवत कापून, मेंढ्या चारून राखला आहे. माती तीच, पण तिथे जंगल आलेच नाही.

मग नव्या जमिनीत ऊस लावूच नये काय? ज्याची सगळी जमीन डोंगरातच आहे त्याला असे सांगणे आम्हांला शोभणार नाही. पण उभ्या उताराचे वरचे अंग तरी रानासाठी राखावे, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे. वरचे रान गेले की खालच्या सपाटीतल्या उसाचीही माती जाते. (झाड तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हेही विसरू नये. तलाठ्याकडे सात-बारावर काही दिसत नाही म्हणून चालते, असे कोणी सांगितल्यास ऐकू नये.) जी जमीन फुटलीच आहे तिथे सऱ्या उताराला आडव्या काढाव्यात, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला सरीत टाकावा, आणि दोन लागणींच्या मधे ताग किंवा धैंचा गाडावा. सामू फार खाली असल्यास माती परीक्षणाप्रमाणे चुना द्यावा. पहिल्या वर्षी ऊस काळाभोर दिसतो म्हणून शेणखत आणि प्रेसमड पुढच्या वर्षावर ढकलू नये. ठेव मोडत असतानाच भरणा करायचा असतो.

युरियाचे हप्तेही मातीप्रमाणे बदलावेत. तांबड्या जमिनीत एका वेळी थोडे आणि हप्ते जास्त, कारण तिथले नुकसान खाली झिरपण्याने होते. काळ्या जमिनीत भीती उलटी. चुनखडीच्या मातीवर उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो, आणि सरीत पाणी तुंबून राहिले तर नायट्रेटही वायू होऊन जाते. म्हणून तिथे मातीआड करावा, वापसा सांभाळावा आणि पाणी मोजून द्यावे. फडात पाणी उभे आणि वरून युरियाची फेक, हे दृश्य अजून दिसते. ते पोते सरळ आकाशात जाते असे समजावे.

आता पाचटाबद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. एकरी ३ ते ४ टन पाचट निघते. त्यात नत्र फक्त ०.४ टक्क्याच्या आसपास असते म्हणून ते कुचकामी, असा काहींचा समज आहे. पण चार टनांत तेही १६ किलो भरते, आणि पाऊण पोते जाळले गेले तरी नत्राबरोबर जो कर्ब जातो त्याची भरपाई कोणत्याही दुकानात मिळत नाही. जंगलाची सगळी श्रीमंती ज्या पाल्यापाचोळ्यावर उभी आहे, तोच आपण काडी लावून मोकळे होतो. भातशेतीत राब भाजायची चाल आहे. तिथे तणाचे बी मरते, राखेचे पोटॅश मिळते आणि रोपे जोमदार येतात, एवढा तरी हेतू असतो. फडाला लावलेल्या आगीत खोडवा लवकर मोकळा दिसण्यापलीकडे काय मिळते?

तक्रार अशी येते की पाचट ठेवले की खोडवा पिवळा पडतो. ती खोटी नाही. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. ते कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला मातीतलेच नत्र उचलतात आणि काही आठवडे उसाला उपाशी ठेवतात. म्हणून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकायची शिफारस आहे. हा युरिया उसासाठी नसून जिवाणूंसाठी आहे, तेव्हा तो खोडव्याच्या खतातून वजा करू नये. बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबावे, ओल राखावी. जिवाणूंनी उचललेले नत्र मोठ्या बांधणीच्या सुमारास परत मिळू लागते. जंगलातही हेच चालते, फक्त तिथे घाई नसते.

उसाच्या स्वतःच्या अंगातही नत्र धरणारे जिवाणू राहतात, हे ब्राझीलमधील योहाना डोबेरायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले. त्यावरूनच बेणे प्रक्रियेसाठी ॲसिटोबॅक्टरची शिफारस आली. त्याचा उपयोग जरूर करावा. मात्र जिवाणूंची बाटली आणली म्हणून पाचट जाळायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कोणी काढू नये.

ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत डोंगरउतार किंवा पडीक रान नव्याने लागणीखाली आणले आहे, त्यांनी यंदा खते टाकण्यापूर्वी मातीचे दोन नमुने काढावेत. एक लागणीच्या शेतातला, नेहमीप्रमाणे आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून. दुसरा त्याच उताराच्या न फोडलेल्या भागातला, वरचा कच्चा पालापाचोळा बाजूला सारून, तेवढ्याच खोलीचा. दोन्ही पिशव्यांत चिठ्ठी घालून गट नंबर, जमिनीचा रंग आणि जमीन फोडल्याचे वर्ष लिहावे, आणि पिशव्या गट कार्यालयातील शेतकी मदतनीसाकडे द्याव्यात. अहवाल आल्यावर सेंद्रिय कर्बाचे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून वरच्याप्रमाणे हिशेब आम्ही आपल्यासोबत बसून करून देऊ.